नादाराचा वकील : प्रस्तावना

दिवाणी न्यायालयाच्या दप्तरात रोज दाखल होणाऱ्या कागदांत नादारीचा अर्ज एका बाबतीत इतर सर्वांहून निराळा असतो. दावा असो, कैफियत असो, दरखास्त असो की तिच्यावरची हरकत असो, प्रत्येक कागद लिहिणारा आपल्या बाजूस पोषक तेवढेच मांडतो, बाकीचे प्रतिपक्षाने धुंडाळून काढावे म्हणून सोडून देतो, आणि तसे करण्यात कोणी गैर मानीत नाही; कारण दोन बाजूंच्या अशा ओढाताणीतूनच सत्य हाती लागते या श्रद्धेवर आपली सारी न्यायपद्धती उभी आहे. नादारीच्या अर्जात मात्र अर्जदाराला आपण कोणाचे किती देणे लागतो, आपल्यापाशी स्थावर-जंगम काय आहे, ते कोठे आहे, त्याचे मोल काय, पूर्वी कधी असाच अर्ज केला होता काय, हे सारे स्वतःच्या सहीने व सत्यापनपूर्वक सांगावे लागते, आणि ते तो जितके पूर्णपणे सांगेल तितके त्याचे स्वतःचे हित अधिक साधते. अशा माणसाचे वकीलपत्र घेणाऱ्याला धंद्यात मुरलेली मौनाची विद्या काही काळ बाजूला ठेवावी लागते, आणि अशिलाला, त्याची इच्छा नसेल तेव्हाही, बोलते करण्याची दुसरी विद्या शिकावी लागते. प्रस्तुत पुस्तिकेचा विषय ही दुसरी विद्या आहे. नव्याने वकिली सुरू करणाऱ्या तरुणांसाठी ती लिहिलेली आहे. कलमांचे विवरण तीत यथासांग झालेले असल्याने ते येथे पुन्हा करण्याचे मला प्रयोजन दिसत नाही. या कर्तव्यांच्या मुळाशी काय आहे, आणि आमच्या गावात त्यांना कोणते वळण मिळते, एवढेच मी लिहिणार आहे.

असे पुस्तक खामगावात लिहिले जावे यात मला औचित्य वाटते, कारण हे गाव कापसाच्या भावावर चढलेले आणि त्याच भावावर आपटलेले आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आल्यानंतर आठच वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि १८६१ ते १८६५ या काळात वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतील रुईला असा भाव आला की जो तोपर्यंत येथल्या कुणब्याने वा सावकाराने ऐकलाही नव्हता. युद्ध संपल्याची वार्ता आली तेव्हा प्रथम कोसळली ती मुंबई. १ जुलै १८६५ हा वायद्यांचा भरणा करण्याचा दिवस उजाडला, प्रेमचंद रायचंदांसारख्यांची पत डळमळली, आणि हात वर केलेल्या व्यापाऱ्यांची व दलालांची व्यवस्था लावण्यासाठी सरकारला त्याच वर्षी २८ व्या क्रमांकाचा खास कायदा मुंबईपुरता करावा लागला. वऱ्हाडच्या वाट्याला असा कायदा आला नाही. आली ती फक्त मंदी. तथापि कापूस थांबला नाही. १८७० साली लॉर्ड मेयो स्वतः येथे आले, जलंब ते खामगाव या छोट्याशा लोहमार्गाचे उद्घाटन त्यांच्या हस्ते झाले, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, व्होल्कार्टसारख्या युरोपीय पेढ्यांनी येथे खरेदी मांडली, आणि लिव्हरपूलचा भाव तारेने येऊन खामगावच्या अडतीवर सांगितला जाऊ लागला. तेव्हापासून या गावातील माणसाचे दिवाळे सातासमुद्रापलीकडे घडलेल्या आणि त्याला स्वप्नातही न दिसलेल्या कारणांनी निघू शकते. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत तेच झाले, आणि तिच्या पोटी मध्यप्रांताने १९३३ साली कर्ज-समेटाचा जो कायदा केला, तो त्या जातीच्या कायद्यांत या देशातील अगदी आरंभीचा होय. आज गावाची ख्याती कापसाइतकीच चांदीच्या कलाकुसरीसाठी आहे. पण चांदीचा भावही कापसाच्या भावासारखाच दूरदेशी ठरतो, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

आता कायद्याकडे वळू. मुंबई, कलकत्ता व मद्रास या इलाख्याच्या शहरांना १८२८ पासून नादारीचा स्वतंत्र कायदा होता. मोफसलातील ऋणकोला मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या एका प्रकरणावर भागवावे लागे, आणि तेही बहुधा तो पकडला गेल्यावर, तुरुंगात पडल्यावर किंवा त्याच्या मालावर जप्ती आल्यावर. १९०७ साली प्रांतिक नादारी अधिनियम झाला आणि १९२० च्या ५ व्या अधिनियमाने त्याची जागा घेतली. कागदोपत्री निजामाचा मुलूख असलेल्या वऱ्हाडात इंग्रजी हिंदुस्थानातील कायदे अधिसूचनांच्या मार्गाने येत, ही त्या काळची एक गंमत होती. तिचा निकाल पुढे लागला. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत १९२० चा अधिनियम रद्द करण्याचे कलम आहे, परंतु त्या संहितेचा व्यक्तींविषयीचा तिसरा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता. परिणामी खामगावचा अडत्या, सोनार, शिक्षक किंवा शेतकरी बुडाला, तर त्याच्या वकिलाला आजही शंभरी उलटलेला तोच अधिनियम उघडावा लागतो. त्या अधिनियमाचे वय त्याच्या आकड्यांवरून कळते. मूळ तरतुदीप्रमाणे पाचशे रुपयांचे देणे असले म्हणजे ऋणकोला अर्ज करता येतो, आणि नादार ठरलेल्या माणसाने आपली नादारी न सांगता पन्नास रुपयांची उधारी केली तर तो सहा महिन्यांच्या कैदेस पात्र होतो. पन्नास रुपयांत आज साखर जेमतेम किलोभर येते. वाण्याकडे वही चालू असलेल्या प्रत्येक नादार अशिलाला ही गोष्ट पहिल्याच बैठकीत सांगितली पाहिजे. ऐकताना ती हास्यास्पद वाटते खरी, पण कलम अजून पुस्तकात आहे.

ही पहिली बैठक हेच नादाराच्या वकिलाचे खरे कार्यक्षेत्र आहे, असे माझे मत आहे. पुढचे युक्तिवाद, नादाराची मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या रिसीव्हरशी होणारा पत्रव्यवहार, प्रसंगी बोथ्याचा घाट चढून बुलढाण्यास जिल्हा न्यायालयापुढे करावे लागणारे अपील, हे सारे त्या बैठकीत तयार झालेल्या यादीच्या बळावर चालते. आणि यादी तयार होणे किती कठीण असते ते प्रत्यक्ष बसल्याशिवाय कळत नाही. अशील सांगतो ती देणी म्हणजे ज्यांनी नोटीस पाठविली आहे त्यांची देणी. बँक, पतसंस्था, सेवा सहकारी सोसायटी ही नावे तो भराभर घेतो, कारण त्यांचे कागद त्याच्या पिशवीत असतात. मेहुण्याकडून घेतलेले हातउसने, शेजाऱ्याच्या कर्जावर जामीन म्हणून केलेली सही, भिशीची उचल घेतल्यानंतर थकलेले हप्ते, सोनाराकडे पावतीविना ठेवलेले गहाण, दुकानातील नोकराचा चार महिन्यांचा पगार, ही मात्र यादीत येत नाहीत. काही विस्मरणाने, काही लाजेने, आणि बरीचशी या समजुतीने की घरातले आणि मैत्रीतले देणे हे न्यायालयाच्या नजरेस आणावयाचे नसते, ते आपण मागाहून निवांतपणे फेडू. मालमत्तेचेही तसेच. सातबारा त्याच्या नावाचा असतो तो तो दाखवितो. भावांत वाटणी न झालेला वाड्याचा हिस्सा, इसारपावती करून अर्धवट राहिलेला भूखंड, विम्याचे पत्र, दुसऱ्याकडून येणे असलेली उधारी, यांपैकी कशालाही तो मालमत्ता समजत नाही. अशा वेळी ‘आणखी काही आहे काय’ हा प्रश्न निरुपयोगी ठरतो, कारण त्याचे उत्तर नेहमीच ‘नाही’ असते. त्यापेक्षा रोजकीर्द व खतावणी पुढ्यात घेऊन, बँकेचे उतारे वर्षानुवर्षे उलटून, लग्नकार्ये, आजारपणे व पेरण्या यांच्या क्रमाने गेल्या काही वर्षांचा घरखर्च त्याच्याकडून वदवून घ्यावा. पैसा कोठून आला आणि कोठे गेला हे विचारताना देणी आपोआप बाहेर येतात. यास दोन-तीन बैठका लागतात. ज्या वकिलाला तेवढा वेळ नाही त्याने हे काम घेऊ नये.

अमेरिकेत या बाबतीत कायदाच वकिलाच्या मागे लागला आहे. तेथील २००५ च्या दुरुस्तीने असे ठरविले की दिवाळखोरीच्या अर्जावर वकिलाची सही म्हणजे त्याने वाजवी चौकशी केल्याचे त्याचे प्रमाणपत्र होय, आणि ते खोटे ठरले तर भुर्दंड त्याने सोसावा. आमच्याकडे सत्यापन अशिलाचे असते आणि वकिलाची सही ही निव्वळ औपचारिक मानली जाते. मला येथे परदेशी कायद्याची भलावण करावयाची नाही. परंतु जी गोष्ट तेथे दंडाच्या भयाने होते ती येथे धंद्याच्या इभ्रतीखातर व्हावी, अशी अपेक्षा ठेवण्यास हरकत नसावी. खोट्या यादीचे प्रायश्चित्त आमच्या अधिनियमातही अशिलाला चुकत नाही. हिशेबाच्या वह्या दडविणे, खोट्या नोंदी करणे, मालमत्ता छपविणे यांस एक वर्षापर्यंत कैद आहे. आणि कैद टळली तरी देण्यांतून मिळावयाच्या मुक्ततेच्या वेळी तीच लपवाछपवी आडवी येते.

यापुढचा प्रश्न अधिक नाजूक आहे. अशील येतो तो बहुधा काहीतरी करून आलेला असतो, किंवा काहीतरी करण्याचा सल्ला मागावयास आलेला असतो. घर पत्नीच्या नावे करू काय? मेहुण्याचे तेवढे आधी फेडून टाकू काय? अर्ज वर्षभर थांबविला तर बरे पडेल काय? कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. मोबदल्यावाचून केलेले हस्तांतर, त्यानंतर दोन वर्षांच्या आत दाखल झालेल्या अर्जावर ऋणको नादार ठरला तर, रिसीव्हरच्या विरुद्ध टिकत नाही. आणि एका धनकोला झुकते माप देण्याच्या हेतूने केलेला भरणा, त्यानंतर तीन महिन्यांत अर्ज झाल्यास, मागे फिरविला जाऊ शकतो. ही उत्तरे अशिलाला सांगणे वकिलाचे कर्तव्यच आहे. ती न सांगितल्याने कित्येक भाबडी माणसे प्रामाणिक हेतूने मेहुण्याचे पैसे फेडतात आणि त्या मेहुण्यालाच पुढे रिसीव्हरच्या अर्जाला तोंड द्यावे लागते. पण कायदा समजावून सांगणे आणि कायद्याला बगल देण्याचे वेळापत्रक आखून देणे यांत अंतर आहे, व ते अंतर प्रत्यक्ष खोलीत बसून बोलताना फार झपाट्याने कमी होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २०१० साली मिलावेट्झ यांच्या खटल्यात असाच वाद आला. ऋणकोला दिवाळखोरीच्या अपेक्षेने आणखी कर्ज काढण्याचा सल्ला देण्यास तेथील वकिलांना मनाई होती, आणि या मनाईने प्रामाणिक सल्लाही बंद होतो अशी वकिलांची तक्रार होती. न्यायालयाने मनाई कायम ठेवली, पण तिचा अर्थ संकुचित केला : मुक्तता मिळणारच आहे म्हणून आधी कर्ज उचलून घे, असे सांगणे निषिद्ध, काय केल्याने काय होईल हे मोकळेपणाने सांगणे निषिद्ध नव्हे. हा भेद मला ग्राह्य वाटतो, आणि आमच्या दोन वर्षांच्या मुदतीलाही तो जसाच्या तसा लागू करता येईल. ‘अमुक हस्तांतर अमुक काळापर्यंत उघडले जाऊ शकते’ हे वाक्य वकिलाने उच्चारावे. ‘तोपर्यंत गप्प बसा, मग या’ हे उच्चारू नये, मग समोरच्या माणसाची दैना पाहून ते ओठांवर कितीही आले तरी.

पत्नीच्या दागिन्यांविषयी येथेच दोन शब्द लिहितो, कारण याच बाबतीत भीतीपोटी अधिकांत अधिक खोटे बोलले जाते आणि त्याची गरज अगदी कमी असते. स्त्रीधन हे पतीचे नव्हे, ते सर्वस्वी पत्नीचे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी यांच्या प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचे साठावे कलम धार्मिक रूढीने स्त्रीने अंगावेगळे करू नये असे अलंकार, आवश्यक कपडे, भांडी व अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, आणि शेतकऱ्याचे राहते घर, औते, बैल व बियाणे जप्तीतून वगळते, व जे जप्तीतून सुटले ते नादारीतही रिसीव्हरकडे जात नाही. म्हणून दागिने माहेरी पाठवून देण्यापेक्षा ते यादीत लिहावेत, पत्नीचे म्हणून वेगळे लिहावेत, आणि जे वगळावयाचे त्यावर हक्क सांगावा. चांदीकाम करणाऱ्या कारागिराची हत्यारे, कुणब्याचे बी-बियाणे, यांच्यावरचा हक्क न मागितल्यामुळे गेला तर तो दोष सर्वस्वी वकिलाचा.

आणि समजा, अशिलाने विश्वासाने सांगितले की अमुक ठिकाणी अमुक दडविले आहे, व ते यादीत लिहावयास तो तयार नाही, तर? वकील व अशील यांच्यातील बोलणे गुप्त राहिले पाहिजे हे साक्षीपुराव्याच्या कायद्याने, १८७२ च्या जुन्याने तसेच २०२३ च्या नव्यानेही, सांगितले आहे; पण बेकायदा हेतू तडीस नेण्यासाठी केलेल्या बोलण्याला हे संरक्षण नाही, हेही त्याच कायद्याने सांगितले आहे. माझ्या मते मार्ग असा : प्रथम समजावावे, आणि नुसते नीतीचे पाठ न देता, लपविलेले उघडकीस आल्यावर मुक्तता कशी हातची जाते ते उदाहरणांनी दाखवावे, तरी तो ऐकेना तर त्या यादीवर आपल्या हाताने एक अक्षरही लिहू नये, आणि भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांप्रमाणे पुरेशी सूचना देऊन वकीलपत्र सोडावे. धनकोंना जाऊन सांगणे वकिलाचे काम नव्हे. अशिलाला अनुचित मार्गांपासून परावृत्त करण्याचा यत्न करावा आणि तो हट्टाला पेटल्यास त्याचे काम करण्यास नकार द्यावा, असे ते नियम सांगतात. आपल्याकडे त्यांतील नकाराचा भाग वाचला जातो, यत्नाचा भाग क्वचितच.

ज्या गोष्टी नादारीने मिळत नाहीत त्या सांगणे हेही कर्तव्यच, आणि ते अप्रिय आहे, कारण अशील आशेने आलेला असतो. अर्ज दाखल झाला की त्याच क्षणी सारी वसुली थांबते, ही समजूत वृत्तपत्रांतून परदेशी बातम्या वाचून पसरली असावी. १९२० च्या अधिनियमात तसे नाही. नादार ठरविल्याचा आदेश झाल्यावरच धनकोंना परवानगीशिवाय नवा दावा करता येत नाही, आणि अटकेपासून संरक्षण हवे असल्यास त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. गहाणदाराचा हात कोणी धरू शकत नाही. राहते घर बँकेकडे तारण असेल तर नादारीने ते वाचत नाही, आणि हे न सांगता अर्ज दाखल करणारा वकील अशिलाला फसवीत असतो, मग तसा त्याचा उद्देश नसला तरी. सरकारी देणे, कपटाने केलेले कर्ज आणि पत्नी-मुलांची पोटगी ही मुक्ततेनंतरही मानेवर राहतात. तुरुंगाची भीती मात्र पुष्कळशी दूर करता येते. पैसे नाहीत एवढ्याच कारणाने कोणास दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, देण्याची ऐपत असून न देण्याचा दुष्ट हेतू सिद्ध झाला पाहिजे, असे न्या. कृष्ण अय्यर यांनी १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या प्रकरणात म्हटले, आणि तो निर्णय प्रत्येक ऋणकोच्या वकिलाच्या टेबलावर असावा. त्याच्या जोडीला एक व्यावहारिक सल्ला : अशिलाने गाव सोडू नये. धनकोंना चुकविण्यासाठी परागंदा होणे हे अधिनियमाच्या दृष्टीने नादारीचे कृत्य आहे, त्यावरून धनकोला तीन महिन्यांच्या आत अर्ज करता येतो, आणि पळून गेलेल्या माणसाच्या वतीने सद्भावनेची भाषा बोलणे मग फार अवघड होते.

मोठ्या शहरात न भेडसावणारी एक अडचण येथे सांगितली पाहिजे. खामगावसारख्या गावी वकील मोजके, पेढ्या मोजक्या, आणि सोयरिकी पुष्कळ. ज्या पतसंस्थेचे देणे अशिलाला भारी झाले आहे तिची दरखास्त कदाचित याच वकिलाने मागच्या वर्षी चालविली असेल. ज्या अडत-दुकानाची भागीदारी मोडली त्यातील दोघेही भागीदार एकाच दिवशी एकाच कचेरीची पायरी चढतील. प्रतिपक्षाशी व वादविषयाशी आपला जो काही संबंध असेल तो अशिलाला पूर्णपणे सांगावा, असा नियम आहे, आणि येथे तो सांगितल्यावर बहुधा वकीलपत्र सोडावेच लागते. बाप आणि मुलगे यांच्या बाबतीत हे अधिक कसोशीने पाळावयास हवे. एकत्र कुटुंबाच्या कर्त्याची, मुलांच्या हिश्शावरही चालणारी सत्ता रिसीव्हरला वापरता यावी म्हणून अधिनियमात १९४८ साली मुद्दाम कलम घालण्यात आले. बापाचे ऋण फेडणे हा मुलाचा धर्म, हा आपल्या धर्मशास्त्राचा सिद्धांत त्यामागे होता. ज्या शास्त्राने व्यवहाराच्या अठरा पदांत ऋणादानाला पहिले स्थान दिले, त्यानेच मद्यपान, द्यूत इत्यादींपायी केलेल्या ऋणातून मुलाला मोकळेही केले होते. २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने केवळ या धार्मिक कर्तव्याच्या आधारे मुलावर नव्याने दावा करण्याची वाट बंद केली आहे, तथापि त्यापूर्वीची कर्जे अजून उरली आहेत. तेव्हा कर्ज कधी व कशासाठी काढले या प्रश्नावर बापाचे हित एक आणि मुलाचे दुसरे असू शकते, आणि दोघेही एकाच घरात जेवतात म्हणून दोघांचा वकील एकच असावा असे होत नाही.

फीचा विषय प्रस्तावनेत काढणे काहींना ग्राम्य वाटेल. पण नादाराकडून घेतलेला प्रत्येक रुपया हा एका अर्थाने धनकोंच्या ताटातला असतो, आणि नादार ठरल्यानंतर त्याच्या हाती येणारी मालमत्तासुद्धा मुक्ततेपर्यंत रिसीव्हरच्या अधिकारात जाते. म्हणून फी आधी ठरवावी, माफक ठरवावी, तिची पावती द्यावी, आणि ती मेहुणा किंवा भाऊ भरीत असेल तर तसे लिहून ठेवावे. निकालावर अवलंबून फी ठरविण्यास, दाव्याच्या मालाच्या लिलावात बोली लावण्यास व अशिलाला कर्ज देण्यास नियमांची मनाई आहेच. दावा करून मिळवावयाची येणी विकत घेण्यासही मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याने वकिलाला बंदी केली आहे. हे नियम करावे लागले यावरूनच पूर्वी काय चालत असे त्याचा अंदाज यावा.

शेवटी मुक्ततेविषयी, कारण आमच्याकडे सर्वांत मोठी हेळसांड तेथे होते. नादार ठरविण्याचा आदेश करतानाच न्यायालय मुक्ततेचा अर्ज किती अवधीत करावयाचा ते ठरवून देते. अशिलाला वाटते की आता सुटलो. वकिलालाही वाटते की आपले काम झाले. आणि ती मुदत दोघांच्याही डोळ्यांदेखत निघून जाते. तिचा परिणाम असा की नादारीचा आदेशच रद्द होतो, धनको पुन्हा मोकळे होतात, आणि न्यायालयाच्या परवानगीवाचून दुसरा अर्जही करता येत नाही. म्हणजे आपली सारी झाकली मूठ उघडून दाखविलेला माणूस पूर्वीहून वाईट स्थितीत उभा राहतो. मुदत हुकू न देणे ही झाली किमान गोष्ट. मालमत्तेतून रुपयास आठ आणेही निघत नसतील तर बिनशर्त मुक्तता मिळत नाही. परंतु ज्या कारणांनी तसे झाले त्यांस आपण न्यायतः जबाबदार नाही, हे दाखवून देता आले तर ती अडचण दूर होते. वऱ्हाडातील ऋणकोची खरी बाजू या अपवादात आहे. कापसाचा भाव पडला, बोंडअळीने शेत खाल्ले, जिनला आग लागली, पाऊस खळला, हे सारे खरे असते, आणि मुक्ततेच्या दिवशी ते तोंडी सांगून भागत नाही. गावाची पैसेवारी किती लागली, त्या हंगामात बाजार समितीत भाव काय निघाले, आगीचा पंचनामा काय म्हणतो, हे कागद पहिल्या बैठकीपासूनच गोळा करावयास लागावे, कारण दोन-तीन वर्षांनी ते हाती लागत नाहीत. उलट, वायद्याच्या सट्ट्यात गेलेला पैसा शेतीत गेला म्हणून दाखविण्याचा मोह झाला तर वह्याच बोलतात. मागील तीन वर्षांच्या वह्या न ठेवणे आणि बेफाम सट्टा करणे, ही दोन्ही मुक्तता नाकारण्याची स्वतंत्र कारणे आहेत. धनकोंशी तडजोड जमत असेल, आणि त्यांतील बहुसंख्य व रकमेच्या तीन चतुर्थांश हिश्शाचे धनको तिला मान्यता देत असतील, तर ती मुक्ततेपेक्षाही श्रेयस्कर, असे मी मानतो, कारण तडजोडीनंतर माणूस त्याच बाजारात दुकान उघडू शकतो. पण ती प्रत्येक वेळी जमत नाही, आणि जमेल या आशेवर मुदत घालविणे परवडत नाही. म्हणून पुस्तिकेच्या अखेरीस जोडलेल्या नमुन्यांत मुक्ततेच्या अर्जाचा नमुना मूळ अर्जाच्या नमुन्याला लागूनच छापावा, अशी मी लेखकाला विनंती केली व त्यांनी ती मान्य केली. दोन्ही अर्ज एकाच दिवशी टंकलिखित करून एकाच बस्त्यात ठेवावेत, आणि नादारीचा आदेश हाती पडताच दुसऱ्याच्या माथ्यावर शेवटची तारीख लाल शाईने लिहून तीच तारीख अशिलाच्या घरच्या दिनदर्शिकेवरही त्याच्या पत्नीकडून लिहवून घ्यावी.